ठाण्यातला कागद आणि कोर्टातला कागद: नोंदी मागण्यापूर्वी काय शोधावे

खाडीपलीकडे (धागाकर्ता)

नमस्कार. मागच्या पावसाळ्यात माझ्या थोरल्या भावाच्या दुचाकीला महामार्गावर ट्रकने धडक दिली. भाऊ वाचला, परंतु त्याचा उजवा पाय पूर्वीसारखा राहिला नाही. नुकसानभरपाईच्या दाव्यासाठी फिर्यादीची प्रत, घटनास्थळाचा पंचनामा आणि वाहनाच्या कागदांच्या नकला लागणार होत्या. मी पोलीस ठाण्यात गेलो, तेव्हा "प्रकरण कोर्टात गेले, तिकडे मागा" असे सांगण्यात आले. कोर्टात गेलो, तर नक्कल विभागात "असा खटला आमच्याकडे दाखलच नाही" असे उत्तर मिळाले. वाडीतून सकाळची पहिली एसटी धरून तालुक्याला जायचे आणि संध्याकाळी रिकाम्या हाताने परतायचे, असे चार वेळा झाले. पाचव्या खेपेस एका अनुभवी हवालदारांनी शांतपणे समजावले की दोषारोपपत्र तयार झाले आहे, पण ते अजून ठाण्याच्या कपाटातच आहे. म्हणजे दोन्ही ठिकाणची माणसे आपापल्या परीने बरोबर होती आणि माझे हेलपाटे मात्र चालूच होते.

त्यानंतरच्या काही महिन्यांत जे शिकलो ते येथे सविस्तर लिहितो. सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की अर्ज लिहिण्यापूर्वी कागद आज कोणाच्या ताब्यात आहे ते शोधून काढावे. तपास चालू असेपर्यंत तो ठाण्यात असतो. दोषारोपपत्र किंवा समरी अहवाल (दोषारोप न ठेवता तपास बंद करण्याचा अहवाल) दाखल झाल्यावर मूळ कागद न्यायालयात जातात आणि ठाण्यात स्थळप्रत उरते. खटला संपला की तो अभिलेख कक्षात जातो. प्रत्येक टप्प्यावर मागण्याचा मार्ग वेगळा आहे, आणि चुकीच्या टप्प्यावर केलेला अर्ज कितीही सुबक असला तरी परत येतो.

कागदाचा माग काढायचा तर क्रमांक हवा. ठाण्यात गुन्हा रजिस्टर क्रमांक असतो, ज्याला सगळे गु.र.नं. म्हणतात आणि ज्याच्यापुढे वर्ष लिहिलेले असते. तोच गुन्हा न्यायालयात गेला की त्याला खटल्याचा वेगळा क्रमांक मिळतो, आणि ई-कोर्ट्स प्रणालीत त्यालाच सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक जोडला जातो. गु.र.नं. हाती असेल तर ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर जिल्हा, न्यायालय आणि पोलीस ठाणे निवडून खटला दाखल झाला आहे की नाही ते घरबसल्या पाहता येते. मला हे आधी ठाऊक असते, तर त्या चारपैकी दोन खेपा तरी वाचल्या असत्या.

फिर्यादीच्या प्रतीबद्दल बोलायचे तर ज्याने फिर्याद दिली त्याला, आणि पीडित व्यक्तीला, तिची प्रत विनामूल्य देणे पोलिसांवर बंधनकारक आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये तसे स्पष्ट म्हटले आहे. त्याच संहितेच्या कलम १९३ प्रमाणे तपास कोठवर आला हे फिर्यादीला किंवा पीडिताला ९० दिवसांच्या आत कळवायचे असते. ठाण्यात सहसा कोणी आपण होऊन हे सांगत नाही, म्हणून अर्जात कलमाचा उल्लेख करून नम्रपणे विचारावे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय मात्र ठाण्याची पायरी उतरू नये.

शिवाय सर्वोच्च न्यायालयाने ७ सप्टेंबर २०१६ रोजी यूथ बार असोसिएशनच्या प्रकरणात दिलेल्या आदेशाप्रमाणे प्रथम खबर अहवाल (एफआयआर) २४ तासांत संकेतस्थळावर टाकायचे असतात, आणि दुर्गम भागांत ही मुदत ७२ तासांपर्यंत वाढू शकते. लैंगिक अत्याचार, बालकांवरील अत्याचार, दहशतवाद अशी संवेदनशील प्रकरणे त्यातून वगळलेली आहेत. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर जिल्हा, ठाणे आणि तारीख देऊन प्रकाशित अहवाल शोधता येतो. भावाच्या प्रकरणाचा अहवाल तेथे पहिल्या दिवसापासून होता आणि मी त्यासाठी दोनदा तालुक्याला गेलो होतो.

सुरंगी

आपण फार उपयुक्त लिहिले आहे. माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. आमच्या गावात एका दलालाने कातळावरची एकच जागा दोन-तीन कुटुंबांना विकल्याची चर्चा आहे आणि त्याच्यावर गुन्हा नोंदल्याचेही ऐकते. मी फिर्यादी नाही आणि पीडितही नाही, परंतु त्याच सर्व्हे नंबरात आम्ही जागा घेण्याच्या विचारात आहोत. मला त्या प्रकरणाचे कागद मागता येतील का?

नोटीसबोर्ड

मी तालुका न्यायालयात वकिली करते, म्हणून सुरंगीताईंच्या प्रश्नाचे उत्तर देते. आपण त्रयस्थ आहात, आणि त्रयस्थाला पोलिसांकडून मागायचे असेल तर माहितीचा अधिकार अधिनियम २००५ हाच सरळ मार्ग आहे. त्यासाठी भारताचे नागरिक असणे पुरेसे आहे. त्या गावचे रहिवासी असण्याची अट नाही, आणि कलम ६(२) प्रमाणे माहिती कशासाठी हवी हे सांगण्याचीही गरज नाही. महाराष्ट्रात हा अर्ज जोडपत्र 'अ' मध्ये करावा आणि त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावावा. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही, मात्र तसा पुरावा जोडावा लागतो. २०१२ च्या दुरुस्तीपासून एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांपर्यंत अशी मर्यादा आहे. बहुतेक अर्ज येथेच घसरतात, कारण लोक आपली सगळी कैफियत अर्जात मांडतात आणि मागणी शेवटच्या ओळीत राहून जाते.

"अमुक व्यक्तीवरील सर्व गुन्ह्यांचे सर्व कागद" असे मागू नका. "अमुक पोलीस ठाण्यातील गु.र.नं. अमुक, वर्ष अमुक, यातील प्रथम खबर अहवालाची प्रमाणित प्रत" असे मागा. साक्षीदारांची किंवा तिऱ्हाइतांची वैयक्तिक माहिती असल्यास ती झाकून उरलेला भाग देण्याची तरतूद कलम १० मध्ये आहे, आणि "अशी माहिती वगळून प्रत दिली तरी चालेल" असे अर्जदाराने आधीच लिहिले तर नाकारण्याचे एक कारण कमी होते.

दोषारोपपत्राची गोष्ट निराळी आहे. ते प्रथम खबर अहवालाप्रमाणे संकेतस्थळावर सर्वांसाठी टाकावे ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने २० जानेवारी २०२३ रोजी सौरव दास प्रकरणात फेटाळली. दोषारोपपत्र आणि त्यासोबतचे कागद आरोपीला, आणि वकिलामार्फत उपस्थित असलेल्या पीडिताला, विनामूल्य मिळतात. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २३० प्रमाणे आरोपी हजर झाल्यापासून १४ दिवसांच्या आत ते द्यायचे असतात. आपण या दोहोंत बसत नाही. तेव्हा आपण खटल्याच्या तारखा आणि आदेश ई-कोर्ट्सवर पाहत राहावे, आणि जागेपुरते म्हणाल तर फेरफार, सातबारा व नोंदणी कार्यालयातील सूची यांतून आपल्याला अधिक कळेल.

काजूबोंड

एवढा खटाटोप कशाला? कोर्टातले कागदही माहिती अधिकारातच मागावेत. १० रुपयांत काम होते आणि वकिलाची गरज राहत नाही.

नोटीसबोर्ड

हा समज फार पसरलेला आहे आणि त्यापायी लोकांचे महिने वाया जातात, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते. मुख्य माहिती आयुक्त विरुद्ध गुजरात उच्च न्यायालय या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी स्पष्ट केले की न्यायिक अभिलेखाच्या प्रती मिळवण्यासाठी उच्च न्यायालयाच्या नियमांत व्यवस्था असेल, तर त्याच मार्गाने जावे लागते, माहिती अधिकाराने नाही. न्यायालयाच्या प्रशासकीय बाबी, म्हणजे रिक्त पदे किंवा खर्च, माहिती अधिकारात विचारता येतात. खटल्यातील जबाब, दस्तऐवज, आदेश यांसाठी मात्र नक्कल अर्जच करायचा.

पक्षकाराला नक्कल अर्ज सोपा आहे. खटल्याचा क्रमांक, पक्षकारांची नावे, हव्या असलेल्या कागदाची तारीख आणि ठाऊक असेल तर निशाणी क्रमांक (न्यायालयाने त्या कागदाला दिलेला क्रमांक) लिहून नक्कल विभागात अर्ज द्यावा, ठरलेले शुल्क भरावे आणि पावती जपून ठेवावी. त्रयस्थाला मात्र नक्कल का हवी हे प्रतिज्ञापत्रावर सांगावे लागते आणि न्यायालयाची परवानगी लागते. म्हणजे पोलिसांकडे कारण सांगावे लागत नाही आणि न्यायालयात कारणाशिवाय चालत नाही. अर्ज लिहायला बसण्यापूर्वी हा फरक ध्यानात ठेवावा.

आणखी एक सांगते. सहीशिक्क्याच्या नकलेवर अर्ज केल्याची, नक्कल तयार झाल्याची आणि ती दिल्याची तारीख नोंदलेली असते. अपिलाची मुदत मोजताना मुदत अधिनियम १९६३ च्या कलम १२ प्रमाणे नक्कल मिळवण्यात गेलेला आवश्यक काळ वगळला जातो. म्हणून निकाल विरोधात गेल्यास नक्कल अर्ज त्याच दिवशी करावा. "घरी विचार करून मग बघू" असे म्हणून गेलेले दिवस कोणी परत देत नाही.

दादर-सावंतवाडी

मी चाकरमानी आहे. गणपतीत आणि मे महिन्यात मिळून जेमतेम पंधरा दिवस गावी असतो. आमचे घर मालवण तालुक्यात आहे. आजोबांनी बागायतीच्या हद्दीवरून १९७० च्या सुमारास दिवाणी दावा जिंकला होता असे घरात सांगतात, पण हुकूमनामा कोणाकडेच नाही, क्रमांकही नाही आणि वकील तर केव्हाच गेले. आता शेजाऱ्यांची पुढची पिढी तीच हद्द पुन्हा नाकारते आहे. सुरुवात कोठून करावी?

जुना दप्तरदार

मी न्यायालयाच्या अभिलेख कक्षात अनेक वर्षे काम करून निवृत्त झालो आहे. आपला प्रश्न अवघड आहे, परंतु निराश होण्यासारखा नाही. क्रमांक नसताना अभिलेख कक्षात जाऊन "आजोबांचा दावा शोधा" असे सांगितले, तर तेथील माणूस मनात असूनही काही करू शकत नाही, कारण बस्ते, म्हणजे कागदांची गाठोडी, वर्षावार आणि क्रमांकाने बांधलेले असतात, नावाने नाही. म्हणून क्रमांक आधी बाहेर शोधावा.

माझा अनुभव असा की तो बहुधा तलाठी कार्यालयात सापडतो. न्यायालयाच्या हुकूमनाम्याने जमिनीच्या हक्कात फरक पडला आणि तो महसुलाकडे कळवला गेला, तर फेरफार नोंदवहीत नोंद होते, आणि त्या नोंदीत न्यायालयाचे नाव, दाव्याचा क्रमांक व निकालाची तारीख लिहिलेली असते. सातबाऱ्यावर फेरफारांचे क्रमांक वर्तुळात दिलेले असतात. जुने हस्तलिखित सातबारे तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून मागवा आणि त्या काळातला प्रत्येक फेरफार वाचा. नुसत्या हद्दीचा वाद असेल तर मात्र फेरफार झालेला नसण्याचाही संभव आहे. अशा वेळी न्यायालयाने मोजणी करवली होती का हे भूमी अभिलेख कार्यालयात पाहावे. शेजाऱ्यांच्या घरातही जुन्या नोटिसा असतात, कारण हरलेल्या पक्षकाराने कागद जपलेले मी अनेकदा पाहिले आहे.

सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला. म्हणजे आपल्या आजोबांच्या दाव्याच्या वेळी मालवण हा रत्नागिरी जिल्ह्याचा तालुका होता आणि त्यावर अपील झाले असेल तर ते रत्नागिरीच्या जिल्हा न्यायालयात. त्यामुळे मालवणचे दिवाणी न्यायालय आणि ओरोसचे जिल्हा न्यायालय येथे शोध घेऊन थांबू नये, रत्नागिरीतही चौकशी करावी. अपिलाच्या निकालात खालच्या निकालाचा सारांश असतो, आणि मूळ बस्ता हाती लागला नाही तरी तोही उपयोगाचा असतो. ठरावीक मुदतीनंतर काही कागद नियमानुसार नष्ट केले जातात, हेही मन घट्ट करून ऐकून ठेवावे. तसे झाले असेल तर "अभिलेख नष्ट केला आहे" असा लेखी शेरा मागून घ्या. पुढील दाव्यात दुय्यम पुरावा द्यायची वेळ आली तर तो शेरा कामी येतो.

दादर-सावंतवाडी

दप्तरदार काका, मनापासून आभार. फेरफारातून क्रमांक शोधण्याची कल्पना घरात कोणालाच सुचली नव्हती. तहसीलकडे अर्ज मुंबईहून टपालाने पाठवला तर चालेल का?

जुना दप्तरदार

चालेल. पोच देणाऱ्या टपालाने पाठवा. मात्र नक्कल घेण्यासाठी गावातील विश्वासू माणसाला लेखी अधिकारपत्र देऊन ठेवा.

वल्हं

माझे वडील आठ वर्षांपूर्वी मासेमारीला गेले आणि होडीसकट परत आले नाहीत. त्या वेळी सागरी पोलीस ठाण्यात नोंद केली होती. आई आजही त्यांच्या नावावरचे घर आणि बँकेचे खाते जसेच्या तसे ठेवून आहे. आता मृत्यूचा दाखला हवा आहे, तर जुनी नोंद मिळेल का आणि तिचा उपयोग होईल का? हे विचारताना मन फार जड होते आहे, म्हणून थोडक्यातच लिहिते.

नोटीसबोर्ड

ताई, आपण विचारलेत हे बरे केले. ती नोंद मनुष्य बेपत्ता, म्हणजे मिसिंग रजिस्टरची असणार. नोंद ज्या ठाण्यात झाली त्याच ठाण्याकडे आईच्या नावाने साधा अर्ज करा आणि मिसिंग नोंदीची, आपल्या जबाबाची व शोधाच्या अहवालाची प्रत मागा. आपण खबर देणाऱ्याचे कुटुंबीय आहात हे अर्जात लिहा. उत्तर आले नाही तर माहितीचा अधिकार आहेच.

तिचा उपयोग निश्चित होतो. एखादी व्यक्ती जिवंत असती तर ज्यांना स्वाभाविकपणे कळले असते त्यांना सात वर्षे तिच्याविषयी काहीच कळले नाही, तर ती जिवंत आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी तसे म्हणणाऱ्यावर येते. पूर्वी हे पुरावा अधिनियमाच्या कलम १०८ मध्ये होते, आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १११ मध्ये आहे. त्या आधारे दिवाणी न्यायालयात दावा करून मृत्यूची घोषणा मागायची आणि हुकूमनाम्यावरून मृत्यू नोंदणीसाठी अर्ज करायचा. कायदा मृत्यू गृहीत धरतो, त्याची तारीख गृहीत धरत नाही. त्यामुळे होडी केव्हा निघाली, हवामान कसे होते, बरोबर कोण होते, हे त्या जुन्या जबाबात लिहिलेले तपशील फार मोलाचे ठरतात. आईसाठी वकिलाचा खर्च होणार नाही, कारण विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ च्या कलम १२ प्रमाणे महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळते. तालुका विधी सेवा समिती न्यायालयाच्या आवारातच असते आणि १५१०० हा मदतीचा क्रमांक आहे.

वल्हं

आभारी आहे. सोमवारी आईला घेऊन जाते.

काजूबोंड

वर माझे म्हणणे चुकले होते, ते मान्य करतो. पण पोलिसांकडे केलेला माझा माहिती अधिकाराचा अर्जही "तपास चालू आहे, कलम ८(१)(ज)" एवढ्या एका ओळीत नाकारला गेला. आता काय करावे?

खाडीपलीकडे

आधी कलम कोणते आहे ते नीट पाहा. मराठीत ८(१) च्या खंडांची अक्षरे लावताना घोळ होतो. तपासात अडथळा येईल या कारणासाठी इंग्रजी मसुद्यातला 'एच' हा खंड आहे, आणि वैयक्तिक माहितीचा खंड वेगळा. मला आलेल्या नकारातही असाच घोळ होता आणि पहिल्या अपिलात तो मुद्दा उपयोगी पडला.

केवळ तपास चालू आहे एवढे म्हणणे पुरेसे नाही. माहिती दिल्याने तपासात नेमका कसा अडथळा येईल हे सांगण्याची जबाबदारी नाकारणाऱ्यावर आहे, असे दिल्ली उच्च न्यायालयाने भगतसिंग प्रकरणात २००७ मध्ये म्हटले आहे. पहिले अपील जोडपत्र 'ब' मध्ये, २० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, उत्तर मिळाल्यापासून ३० दिवसांत करावे. उत्तरच आले नसेल तर अर्जानंतरचे ३० दिवस संपल्यापासून तेवढीच मुदत मिळते. तेथेही समाधान झाले नाही तर ९० दिवसांत दुसरे अपील राज्य माहिती आयोगाच्या कोकण खंडपीठाकडे जाते. मुदत उलटल्यावर दिलेली माहिती कलम ७(६) प्रमाणे विनामूल्य द्यावी लागते, हेही अपिलात नमूद करावे.

एक आगाऊ सूचना. ठाण्यातील सीसीटीव्ही चित्रण हवे असेल तर दिरंगाई करू नका. सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० च्या परमवीर सिंग सैनी निकालात ते १८ महिने, आणि तशी यंत्रणा नसेल तेथे किमान एक वर्ष, जपण्यास सांगितले आहे. अर्जात तारीख आणि वेळ लिहून "अपील संपेपर्यंत चित्रण जपून ठेवावे" अशी विनंती अवश्य करा.

सुरंगी

गावातल्या भांडणात अदखलपात्र नोंद झाली आणि पुढे दोन्ही बाजूंना तहसीलदारांची नोटीस आली, तर ते कागद कोठे असतात?

नोटीसबोर्ड

अदखलपात्र नोंद ठाण्यात असते आणि खबर देणाऱ्याला तिची प्रत मिळते. शांतता राखण्याच्या हमीपत्राची कारवाई, जिला सगळे चॅप्टर केस म्हणतात, ती कार्यकारी दंडाधिकाऱ्यांपुढे, म्हणजे येथे तहसीलदारांपुढे, चालते. त्यामुळे तिचे कागद न्यायालयात शोधू नका, तहसील कार्यालयात शोधा.

जाता जाता उच्च न्यायालयाबद्दलही लिहिते. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच सुरू झाले आहे, आणि रत्नागिरी व सिंधुदुर्ग हे दोन्ही जिल्हे त्याच्या कक्षेत आहेत. रायगडची प्रकरणे मात्र मुंबईतच आहेत. नक्कल अर्जापूर्वी प्रकरण कोठे आहे ते ई-कोर्ट्सवर तपासा.

खाडीपलीकडे

भावाच्या प्रकरणाचे पुढे काय झाले असे काहींनी व्यक्तिगत निरोपातून विचारले, म्हणून लिहितो. मोटार अपघाताच्या दाव्यासाठी मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६(३) मध्ये अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे आणि त्यातले साडेचार महिने माझ्या हेलपाट्यांत गेले होते. २०२२ पासून लागू असलेल्या नियमांप्रमाणे तपासी अंमलदाराने ४८ तासांत पहिला अपघात अहवाल आणि ९० दिवसांत तपशीलवार अपघात अहवाल न्यायाधिकरणाला व विमा कंपनीला द्यायचा असतो, हे कळल्यावर मी ठाण्यात पंचनामा मागणे थांबवले आणि थेट त्या तपशीलवार अहवालाची प्रत मागितली. पंचनामा, नकाशा, वाहनाची आणि परवान्याची माहिती सर्व त्यातच होते. अर्जावर शिक्का घेतला आणि नवव्या दिवशी प्रत मिळाली. दावा मुदतीत दाखल झाला. पुढची तारीख गणपतीनंतरची आहे.